इंजिनाचे ठोके, मिस्त्रीचा कान आणि पिवळा दिवा

सोलापूरहून धाराशिवकडे येताना तुळजापूरचा घाट लागतो. समजा, घाट चढून आल्यावर आपण चहासाठी गाडी थांबवली आणि इंजिन चालूच ठेवले. एरवी शांतपणे उभी राहणारी गाडी आज थरथरते आहे. समोर इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवाही लागला आहे. काहीतरी बिघडले आहे, एवढे दिवा सांगतो. काय बिघडले, हे मात्र सांगत नाही. असे का? उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

कानाचे दिवस

धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानाने १९३२ साली आपल्या रेल्वे खात्यामार्फत २७ गाड्यांनिशी सरकारी मोटारबससेवा सुरू केली. पुढे विहिरींवर डिझेल इंजिने आली. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली स्थापन झाली. वीज पोहोचण्याआधी अनेक मळ्यांना पाणी मिळाले ते अशा इंजिनांमुळे. इंजिन अडले की पाणी अडले. म्हणून त्याचा आवाज ओळखणारा माणूस गावाला हवाच असे.

हा माणूस काय ऐकत होता? जर्मनीत ऑटोने १८७६ साली चालवून दाखवलेल्या चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा इंधन जळते. गाडी जागेवर उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेते. म्हणजे एका सिलिंडरचे ४०० ठोके आणि चार सिलिंडरांचे मिळून १६००. सेकंदाला जवळजवळ २७ ठोके पडतात. इतके ठोके आपल्याला सुटे ऐकू येत नाहीत, त्यांची एक सलग घरघर होते. पण एक सिलिंडर पेटेनासा झाला, तर सेकंदाला सहा-सात वेळा ठोका चुकतो. ही चूक कानाला कळते आणि बॉनेटवर ठेवलेल्या हातालाही. मिस्त्री म्हणतो, ‘गाडी मिसिंग मारते आहे.’

कोणता सिलिंडर चुकतो, हे शोधण्याची जुनी रीत साधी होती. एकेका प्लगची वायर काढायची आणि ऐकायचे. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन आणखी अडखळे. जिची वायर काढूनही आवाजात फरक पडत नसे, तो सिलिंडर आधीच बंद पडलेला! मग त्याचा प्लग बाहेर काढून रंग पाहायचा. फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. एका वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम पाहायचा, हे प्रयोगशाळेत आपण शिकवतो तेच तत्त्व मिस्त्री वापरत होता.

दिवा कशासाठी आला?

पिवळा दिवा मात्र मिस्त्रीच्या सोयीसाठी जन्मला नाही. तो जन्मला धुरक्यातून. अमेरिकेत लॉस एंजलिस शहरावर डोळे चुरचुरवणारे धुरके पसरत असे. अननसाच्या स्वादाचा अभ्यास करणारे जीवरसायनशास्त्रज्ञ हागेन-स्मिट यांनी १९५०च्या सुमारास त्याचे कोडे सोडवले. न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन तयार होतो, हे त्यांनी दाखवले. न जळलेल्या इंधनाचा एक मोठा उगम म्हणजे मोटारी.

पुढे कायदे आले. १९७५च्या सुमारास धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक पात्र सायलेन्सरच्या नळीत बसले. धुरातील ऑक्सिजन मोजणारा संवेदक १९७६ साली मोटारीत आला. पण ही साधने बिघडली तरी गाडी चालतच राहते. मालकाला पत्ता लागत नाही. म्हणून गाडीनेच आपली तपासणी करावी आणि दिवा लावावा, अशी सक्ती कॅलिफोर्नियाने १९८८च्या गाड्यांपासून केली. १९९६च्या गाड्यांपासून सगळ्या अमेरिकेत एकच सोळा टाचण्यांची जोडणी आणि सारखे सांकेतिक क्रमांक ठरले. दिवा विचारतो तो प्रश्न असा आहे : ‘धूर मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता आहे का?’

सोलापूरला एक, उस्मानाबादला दुसरी

हा नियम आपल्याकडे आला तो प्रसंग भूगोलाच्या तासाला सांगण्याजोगा आहे. एप्रिल २०१० मध्ये भारत स्टेज चार ही मानके देशातील तेरा शहरी भागांना लागू झाली. त्यांत मुंबई-पुण्याबरोबर सोलापूरही होते. उरलेल्या देशासाठी भारत स्टेज तीन. त्यामुळे साठ-सत्तर किलोमीटरवरच्या उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, नव्या गाडीसाठी वेगळे मानक होते. स्टेज चारच्या गाड्यांना स्वयंतपासणीची पहिली पायरी बंधनकारक झाली आणि एप्रिल २०१३ पासून अधिक कडक दुसरी. एप्रिल २०१७ मध्ये स्टेज चार देशभर आले आणि एप्रिल २०२० पासून स्टेज सहा. तेव्हापासून नव्या दुचाकींवरही हा दिवा आहे. इंधन फवारणाऱ्या काही मोटारींत तो आधीही दिसे. कायद्याने मात्र तो सर्वांच्या घरी आणला.

संगणकाचा कान

गंमत अशी की, चुकलेला ठोका संगणकही मिस्त्रीसारखाच पकडतो. इंजिनाच्या दांड्यावर एक दातेरी चाक असते. अनेक गाड्यांत त्यावर साठ दात्यांची जागा असून दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात, त्यावरून दांड्याची स्थिती कळते. एकेक दाता संवेदकासमोरून जायला किती वेळ लागला, हे संगणक मोजतो. एक सिलिंडर पेटला नाही की चाक क्षणभर मंदावते. ‘पी ०३०१’ या क्रमांकाचा अर्थ आहे : पहिल्या सिलिंडरचा ठोका चुकतो आहे. कारण प्लग, कॉइल, इंधनाचा फवारा की झडप, हे त्यात नाही. मिस्त्रीने वायर काढून जेवढे ओळखले, तेवढेच संगणकाने ओळखले.

दुसरे उदाहरण पाहा. ‘पी ०१७१’ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. पण संवेदक पेट्रोल मोजत नाही, तो मोजतो धुरातला ऑक्सिजन. सिलिंडर पेटला नाही तर त्यातला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो आणि पेट्रोल वाया जात असूनही संवेदकाला ते कमीच वाटते! असे असताना घाईने संवेदकच बदलला, तर पैसे जातात आणि थरथर राहते.

अंगणातला प्रयोग

मग घरी काय करावे? तेलाच्या बुधल्यासारखा लाल दिवा लागला तर इंजिन ताबडतोब बंद करावे. तो तेलाच्या दाबाचा दिवा आहे. पिवळा दिवा लुकलुकत असेल तरी गाडी दामटू नये. न जळलेले पेट्रोल उत्प्रेरक पात्रात जाऊन जळते आणि महागडे पात्र निकामी होते. दिवा स्थिर असेल तर साध्या स्कॅनरने क्रमांक वाचून वहीत लिहावा. पुसण्याची घाई करू नये. बिघाडाच्या वेळचा वेग, तापमान या नोंदीही त्याबरोबर जातात.

मग हवेची गाळणी, बॅटरीची टोके, भेगाळलेल्या रबरी नळ्या पाहाव्यात. उभ्या गाडीत इंजिन फार थोडी हवा घेते, त्यामुळे फटीतून शिरलेली थोडीशी जादा हवाही तेव्हा जाणवते. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल, तर इंजिन बंद व थंड असताना पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी. क्रमांक ‘पी ०३०३’ झाला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइल खराब. क्रमांक तोच राहिला तर कॉइल निर्दोष. आता प्लग बदलून पाहा. चालू इंजिनाची वायर काढण्याची जुनी रीत मात्र आजच्या गाडीवर करू नये. विजेचा दाब फार मोठा असतो आणि पात्रालाही धोका असतो.

वर्गात हा प्रयोग गाडीशिवायही करता येईल. चार विद्यार्थ्यांनी क्रमाने टाळी वाजवावी, एकाने गुपचूप टाळी चुकवावी आणि बाकीच्यांनी डोळे मिटून तो ओळखावा. मग विचारावे : त्याने टाळी का वाजवली नाही? हे ऐकून कळत नाही, त्याच्याजवळ जाऊन पाहावे लागते. दिव्याचेही तसेच आहे.