स्वदेशी चर्च
परदेशी मिशनच्या पैशावर व आदेशावर न चालता स्थानिक ख्रिस्ती समाज स्वतः चालवतो, त्या मंडळीस ‘स्वदेशी चर्च’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडचे हेन्री व्हेन आणि ‘अमेरिकन बोर्ड’ या मिशनसंस्थेचे रूफस अँडरसन यांनी तिची तीन लक्षणे सांगितली : स्वशासन, स्वावलंबन व स्वप्रसार. मिशनऱ्याने मंडळी स्थापावी, ती स्थानिक पाळकांच्या हाती सोपवावी आणि पुढील गावी जावे, असा हा विचार होता. जॉन नेव्हियस यांच्या १८९० मधील भेटीनंतर कोरियातील मिशनांनी तो अमलात आणला.

अँडरसन यांच्याच संस्थेचे मराठी मिशन १८१३ पासून महाराष्ट्रात कार्यरत होते. मात्र वेतन मिशनचे, म्हणून अंतिम शब्दही मिशनचाच, ही अडचण राहिली. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला होता. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तेथे स्थान होते. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले आणि दरबाराचा आधार गेला. त्यांची भजने मात्र मराठी मंडळ्यांत आजही गायली जातात.