पगारी रजा व सुट्ट्या (महाराष्ट्र)

वेतनात कपात न होता कामगाराला कायद्याने मिळणारी रजा व सुट्टी. महाराष्ट्रात दुकाने, कार्यालये, उपाहारगृहे इ. ठिकाणी ती देणे मालकाच्या मर्जीवर अवलंबून नाही. पूर्वी याबाबत मुंबई दुकाने व संस्था अधिनियम, १९४८ लागू होता. त्याची जागा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ ने घेतली. मूळ २०१७ च्या कायद्यात तो लागू होण्यासाठी १० किंवा अधिक कामगारांची अट होती.

या कायद्यानुसार आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी आवश्यक आहे. त्या दिवशी काम करून घेतल्यास दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी द्यावी लागते. वर्षाला ८ दिवसांची नैमित्तिक रजा मिळते; ती तिमाहीगणिक खात्यावर जमा होते व न वापरल्यास वर्षअखेर रद्द होते. वर्षात किमान २४० दिवस काम केलेल्यास पुढील वर्षी दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळते. म्हणजे २६० दिवस भरल्यास १३ दिवस. ही रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते.

सणांच्या ८ पगारी सुट्ट्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या ठरलेल्या आहेत. उरलेल्या चार मालक व कामगार यांनी आपसांत ठरवायच्या असतात. त्यामुळे गणेशोत्सव वा दिवाळीची सुट्टी या चारांत ठरवता येते.

कारखान्यांतील रजेचे नियम वेगळ्या कायद्याने ठरतात.