विजय हजारे पुण्याहून बडोद्यास गेले तेव्हा

१/ फेब्रुवारी २०१७. आयपीएलच्या लिलावात पुण्याच्या संघाने बेन स्टोक्ससाठी साडेचौदा कोटी रुपये मोजले. आदल्या वर्षी सातवा आलेला हा संघ त्या मोसमात अंतिम सामन्यात पोहोचला आणि मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरला. दोन मोसमांच्या मधल्या काळात खेळाडू इकडचा तिकडे गेला की स्पर्धेचे चित्र कसे पालटते, हे पुणेकरांनी त्या वर्षी पाहिले. परंतु पुण्याला हा अनुभव नवा नव्हता. #थ्रेड

२/ त्यासाठी १९३९-४० च्या मोसमात जावे लागेल. महाराष्ट्राचे कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर. स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे हे प्राध्यापक तेव्हा ४८ वर्षांचे होते. त्यांच्या संघाने पुण्यात संयुक्त प्रांताचा दहा गडी राखून पराभव केला आणि रणजी करंडक प्रथमच महाराष्ट्राकडे आला. पुढच्याच वर्षी मद्रासला त्यांच्याच मैदानावर हरवून देवधरांनी तो राखला.

३/ त्या संघाचा आधारस्तंभ होता सांगलीत जन्मलेला विजय हजारे. १९३९-४० मध्ये पुण्यात बडोद्याविरुद्ध त्याने नाबाद ३१६ धावा केल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजाचे हे पहिले त्रिशतक. प्रतिपक्ष बडोदा होता, हे ध्यानात ठेवावे.

४/ कारण पुढे हजारे बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाला आणि १९४१-४२ पासून बडोद्याकडून खेळू लागला. ज्या संघाला त्याने त्रिशतकाचा तडाखा दिला, त्याच संघाचा तो कणा बनला. १९४२-४३ मध्ये बडोद्याने हैदराबादला हरवून आपला पहिला रणजी करंडक जिंकला.

५/ त्या काळी लिलाव नव्हता, करार नव्हता. मग खेळाडू जात कसा? रणजी करंडकात ढोबळमानाने जन्म किंवा वास्तव्य या नात्याने संघ ठरे. जन्मगाव बदलता येत नाही, पण वास्तव्य बदलता येते. आणि वास्तव्य बदलते ते नोकरीने. क्रिकेटमधून पोट भरत नसे, म्हणून खरी बोली नोकरीची होती.

६/ ही बोली सर्वांत मोकळ्या हाताने लावली ती संस्थानिकांनी. इंदूरच्या यशवंतराव होळकरांच्या पदरी नागपूरचे सी. के. नायडू आणि मुश्ताक अली होते. बडोद्याच्या विजेत्या संघात खेळलेले सी. एस. नायडू १९४४-४५ मध्ये होळकर संघात आले. महाराष्ट्राकडून खेळलेले चंदू सरवटेही तेथेच गेले.

७/ महायुद्धाच्या काळात महूच्या लष्करी छावणीत नेमणूक झालेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टनही होळकरांना लाभला. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात त्याने मुंबईविरुद्ध नाबाद २४९ धावा केल्या, तर सी. एस. नायडूंनी त्या एकाच सामन्यात ९१७ चेंडू टाकले. तरीही मुंबई ३७४ धावांनी जिंकली. उसने बळ प्रत्येक वेळी पुरतेच असे नाही.

८/ पण होळकर थांबले नाहीत. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा मोसमांत त्यांनी दहा अंतिम सामने खेळले आणि चार करंडक जिंकले. १९४५-४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध त्यांनी ८ बाद ९१२ धावा रचल्या. एकाच डावात सहा शतके! त्यांतील दोन शतकवीर होते भाऊसाहेब निंबाळकर आणि कमल भांडारकर.

९/ मार्च १९४७. बडोद्यात होळकर विरुद्ध बडोदा अंतिम सामना. हजारे २८८, लाहोरचा गुल महंमद ३१९. चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी. कोणत्याही गड्यासाठीचा हा जागतिक विक्रम २००६ पर्यंत टिकला. बडोदा एक डाव ४०९ धावांनी विजयी. सांगली आणि लाहोर यांची ही गाठ बडोद्याच्या संस्थानी क्रिकेटने घातली होती.

१०/ आता उलट प्रवाह पाहा. १९४८-४९ मध्ये निंबाळकर आणि भांडारकर महाराष्ट्राकडून खेळले. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध दोघांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा जोडल्या. निंबाळकर नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमाला नऊ धावा कमी असताना काठियावाडच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला.

११/ त्या अकरा मोसमांपैकी होळकर संघ अंतिम फेरीत नव्हता, असा एकच मोसम आहे: हाच, १९४८-४९ चा. केवळ दोन फलंदाजांमुळे तसे घडले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण खेळाडूचे स्थलांतर दुहेरी परिणाम करते, एका पारड्यातून वजन निघते आणि तेच दुसऱ्यात पडते, हे मात्र निश्चित.

१२/ महाराष्ट्राला हा न्याय त्याच मोसमात उलट्या बाजूनेही भोगावा लागला. मार्च १९४९, पुणे, उपांत्य सामना, प्रतिपक्ष मुंबई. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४. महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एकूण २३७६ धावा, नऊ शतके. मुंबई ३५४ धावांनी विजयी. दोन्ही डावांत शतक करणाऱ्यांत एक होता दत्तू फडकर: १३१ आणि १६०. हा कोल्हापूरचा फडकर पूर्वी महाराष्ट्राकडूनच खेळला होता.

१३/ येथे पुण्याची खरी अडचण दिसते. सांगली, कोल्हापूर, पुणे या पट्ट्यात गुणवान खेळाडू निपजत होते. पण बडोदा-इंदूरजवळ संस्थानचा खजिना होता आणि मुंबईजवळ गिरण्या व कंपन्या. पुण्याजवळ महाविद्यालये होती आणि प्राध्यापकाच्या पगारावर जगणारा कर्णधार होता. रोपवाटिका येथे होती; फळांची बाग दुसरीकडे. पुण्यात जन्मलेले चंदू बोर्डेही पन्नाशीच्या दशकात बडोद्याकडून खेळले आणि नंतर महाराष्ट्राकडे परतले.

१४/ अर्थात राजाश्रयाचा विजयही चिरस्थायी नव्हता. संस्थाने विलीन झाली, तनखे उरले, आणि १९५४-५५ च्या पराभूत अंतिम सामन्यानंतर होळकर हे नावच रणजी करंडकातून गेले. त्यांचा वारसा सांगणाऱ्या मध्य प्रदेशाला पहिला करंडक जिंकण्यासाठी २०२२ पर्यंत थांबावे लागले.

१५/ आणि महाराष्ट्र? १९४०-४१ नंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ असे तीन अंतिम सामने खेळला, तिन्ही हरला. १९७१ मध्ये तर मुंबईचे प्रमुख खेळाडू वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर असतानाही ४८ धावांनी हार झाली.

१६/ पहिल्या पोस्टमधला पुण्याचा आयपीएल संघही दोनच मोसमांत विसर्जित झाला. धनी गेला की संघ जातो, ही होळकरांचीच गोष्ट पुन्हा. महाराष्ट्राचा रणजी संघ मात्र हजारे गेल्यावरही उरला, हरत हरत का होईना, आजही खेळतो आहे. पुढच्या लिलावाच्या वेळी कोण कोणाला मिळाले हे पाहताना आणखी एक प्रश्न विचारावा: त्याला घडवले कोणी, आणि त्यांच्या पदरी काय उरले?