तिसऱ्या रोमचे ओझे

इ. स. १४४१ च्या मार्च महिन्यात मॉस्कोच्या मुख्य मंदिरात महागुरू इझिदोर यांनी उपासनेत पोपमहोदयांसाठी प्रार्थना केली आणि फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेत १४३९ साली झालेला पूर्व व पश्चिम ख्रिस्तसभांच्या ऐक्याचा ठराव वाचून दाखविला. काही दिवसांतच राजा दुसरा वासिली याने त्यांना कैद केले. पुढे ते निसटून रोमला पोहोचले. १४४८ साली रशियन बिशपांनी कॉन्स्टँटिनोपलला न विचारता आपला महागुरू निवडला.

१४५३ साली कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडले. ऐक्य स्वीकारल्याचीच ही शिक्षा, असा अर्थ मॉस्कोत अनेकांनी लावला. सोळाव्या शतकाच्या आरंभी प्स्कोव्हच्या मठातील फिलोथेई या संन्याशाने लिहिले की दोन रोम ढासळली, तिसरे मॉस्को उभे आहे आणि चौथे होणे नाही. राजाला श्रद्धेच्या रक्षणाची जबाबदारी कळावी, हा त्याचा मुख्य रोख होता. नंतरच्या काळाने मात्र त्या जबाबदारीचा मुकुट केला.

१७७४ च्या तहाच्या आधारे तुर्की साम्राज्यातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती जनांचे पालकत्व रशियाने आपल्याकडे घेतले. बेथलेहेम येथील ख्रिस्तजन्ममंदिराच्या किल्ल्या कोणाकडे असाव्यात, यावरून कॅथलिक व ऑर्थोडॉक्स संन्याशांत तंटा पेटला. एका बाजूस फ्रान्स, दुसऱ्या बाजूस रशिया उभा राहिला आणि या वादाच्या ठिणगीतून क्रिमियाचे युद्ध (१८५३–५६) भडकले. शांतीच्या राजाच्या गव्हाणीच्या दारासाठी झालेल्या त्या भांडणात आपलेही लोक होते, हे आपण विसरू नये. १२०४ साली कॉन्स्टँटिनोपल लुटणारे क्रूसयोद्धेही आपल्याच पश्चिम ख्रिस्तसभेचे होते. रशियाच्या मनातील पश्चिमेविषयीच्या संशयाला अशा आठवणींनीही खतपाणी मिळाले.

२०१६ साली हवाना येथे पोप फ्रान्सिस आणि मॉस्कोचे कुलगुरू किरील भेटले. पोप व मॉस्कोचे कुलगुरू यांची ती इतिहासातील पहिलीच भेट. परंतु २०१८ साली युक्रेनच्या ख्रिस्तसभेवरून मॉस्कोने कॉन्स्टँटिनोपलशी धर्मबंध तोडला, आणि २०२२ साली रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले तेव्हा कुलगुरूंनी त्याचे समर्थन केले. ९८८ साली कीव्हच्या व्लादिमिर राजासह झालेल्या बाप्तिस्म्याला दोन्ही राष्ट्रे आपला उगम मानतात. एकाच बाप्तिस्म्याची लेकरे एकमेकांसमोर शस्त्रे घेऊन उभी राहिली.

श्रद्धा राष्ट्राला विवेक देते तोवर ती मीठ असते. राष्ट्र तिला आपली मालमत्ता समजू लागले की शेजारी परका होतो, मग शत्रू. हा धडा केवळ मॉस्कोसाठी नाही. गव्हाणीच्या किल्ल्या आपल्याच मुठीत असाव्यात, असे आपल्याला जेव्हा वाटू लागेल, तेव्हा आपणही तो आठवावा.