परदेशाची वेस आणि वकिलाची पहिली भेट

भद्रावती म्हणजे जुनें भांदक. तेथें विजासनच्या टेकडींत कोरलेलीं बौद्ध लेणीं आहेत. चिनी यात्रेकरू युआन च्वांग यानें वर्णिलेली कोसलाची राजधानी ती हीच असावी, असा तर्क कित्येक पंडितांनीं केला. तो सर्वमान्य झाला नाहीं; परंतु या यात्रेकरूच्या चरित्रांतील एक प्रसंग येथें आठवण्याजोगा आहे. इ. स. ६२९ च्या सुमारास तो निघाला, तेव्हां चीनच्या प्रजाजनांस देशाबाहेर जाण्याची मनाई होती. तरीहि तो गेला. सुमारें पंधरा वर्षांनीं परततांना खोतान येथें थांबून त्यानें सम्राटास अर्ज पाठविला. आज्ञाभंग करून आपण गेलों, अमुक देश पाहिले, आणि बरोबरचा हत्ती बुडाल्यामुळें ग्रंथ आणण्यास वाहन हवें आहे, असें त्यांत सांगितलें. अनुकूल उत्तर आल्यावरच तो पुढें निघाला. राज्याच्या वेशीवर उभें राहण्यापूर्वीं आपली हकीकत खरी आणि क्रमवार मांडावी, हा धडा तेराशें वर्षांचा जुना आहे.

आजच्या काळीं ही हकीकत बहुधा प्रथम वकिलापुढें मांडावी लागते. ती कशी मांडावी, हें ज्याच्या स्वतःच्या खटल्यावरून शिकतां येईल, असा एक हिंदी वकील अमेरिकेंत होऊन गेला. सखाराम गणेश पंडित हें त्यांचें नांव मराठी कानाला घरचेंच वाटतें. १९१४ सालीं लॉस एंजेलिसच्या न्यायालयानें त्यांस अमेरिकेचें नागरिकत्व दिलें, आणि १९१७ सालीं ते कॅलिफोर्नियांत वकिली करूं लागले.

त्या काळचा अमेरिकेचा कायदा समजून घेतला पाहिजे. १७९० च्या कायद्यानें नागरिकत्वाचा हक्क फक्त स्वतंत्र गोऱ्या मनुष्यास होता. १८७० मध्यें तो आफ्रिकी वंशाच्या लोकांसही मिळाला. मग हिंदी मनुष्य कोण? कांहीं न्यायालयें त्यास गोऱ्यांत धरीत, कांहीं धरीत नसत. भगतसिंग थिंड हे पंजाबांतून १९१३ सालीं अमेरिकेंत गेलेले गृहस्थ पहिल्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यांत होते. त्यांस नागरिकत्व मिळालें, तें चारच दिवसांत गेलें, १९२० सालीं दुसऱ्या राज्यांत पुन्हां मिळालें. आणि सरकारनें तें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलें. तेथें थिंड यांची बाजू पंडित यांनीं मांडली. हिंदी लोक कॉकेशियन वंशाचे असल्याचें शास्त्रज्ञच सांगतात, हा त्यांचा मुख्य आधार. तीनच महिन्यांपूर्वीं एका जपानी गृहस्थाच्या खटल्यांत त्याच न्यायालयानें गोरा म्हणजे कॉकेशियन असें म्हटलें होतें. परंतु १९ फेब्रुवारी १९२३ रोजीं निकाल उलटा लागला. शास्त्राचें वर्गीकरण बाजूस ठेवून, सामान्य मनुष्य गोरा कोणास समजतो तेंच पाहावयाचें, असें न्यायालयानें ठरविलें.

या निकालानें, पूर्वीं नागरिकत्व मिळालेल्यांच्याही पायांखालची जमीन सरकली. सरकारनें एकेकाचें नागरिकत्व रद्द करण्याचे दावे लावले. सॅन फ्रॅन्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगाई यांचें नागरिकत्व गेलें आणि त्यांनीं १९२८ सालीं आत्महत्या केली. खुद्द पंडित यांच्यावरही दावा आला. पराभव झाला असता तर वकिली गेली असती. शिवाय १९२२ च्या एका कायद्यामुळें त्यांच्या अमेरिकन पत्नीचें नागरिकत्वही धोक्यांत आलें असतें.

परंतु पंडित जिंकले. त्यांनीं वंशाचा वाद पुन्हां घातला नाहीं. १९१४ चा निकाल अधिकार असलेल्या न्यायालयाचा होता, आणि त्या निकालावर विसंबून आपण व्यवसाय, विवाह, संसार उभा केला, असें त्यांनीं दाखविलें. फसवणूक केल्याचा आरोप सरकारनेंही केला नव्हता. १९२६ सालीं अपील न्यायालयानें ठरविलें कीं, एकदां निकालांत निघालेला प्रश्न त्याच पक्षकारांना पुन्हां उकरतां येत नाहीं. पुढल्या वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें सरकारचें अपील ऐकण्याचें नाकारलें. ज्या वकिलाचा युक्तिवाद अशिलासाठीं हरला, तो स्वतःसाठीं जुन्या कागदावर आणि निष्कलंक वर्तनावर तरला. थिंड यांस १९३६ सालीं सैनिकांसाठींच्या नव्या कायद्यानें नागरिकत्व मिळालें, आणि १९४६ च्या कायद्यानें ती वाट सर्व हिंदी लोकांस मोकळी झाली.

या इतिहासांतून वकिलाच्या पहिल्या भेटीची तयारी आपोआप निघते. पहिली गोष्ट तारखांची. कोणत्या दिवशीं देशांत प्रवेश केला, कोणता परवाना केव्हां संपला, अर्ज केव्हां केला व उत्तर काय आलें, हें एका कागदावर क्रमानें लिहून न्यावें. दुसरी गोष्ट मूळ कागदांची: पारपत्र, जुनें रद्द झालेलें पारपत्रही, जन्माचा दाखला, विवाहाचा दाखला, सरकारी कचेरीचें प्रत्येक पत्र. महाराष्ट्रीय घरांत येथें एक विशेष अडचण येते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक जन्मतारीख, घरच्या टिपणांत दुसरी. एका कागदावर वडिलांचें नांव मध्यें, दुसऱ्यावर तें गळालेलें. असा फरक वकिलास आपणच दाखवावा. तो परक्या अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडला म्हणजे संशय होतो. तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. पूर्वींचा नकार, मुदत संपल्यावरचा मुक्काम, एखादा फौजदारी खटला, यांतील कांहींही झाकूं नये. अशिलाचें बोलणें वकिलानें बाहेर फोडूं नये, असें संरक्षण आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्यानें दिलें होतें, आणि २०२३ च्या नव्या कायद्यानेंही तें राखलें आहे. जें सांगितलेंच नाहीं, त्याचा बचाव कोणताही वकील करूं शकत नाहीं.

हा प्रश्न केवळ सातासमुद्रांपलीकडचा नव्हे. १९६० नंतरच्या दशकांत पूर्व बंगालमधून आलेलीं निर्वासित कुटुंबें त्या वेळच्या चांदा जिल्ह्यांत, आजच्या गडचिरोलींतील चामोर्शी, मुलचेरा या भागांत वसविण्यांत आलीं. त्यांच्या वडीलधाऱ्यांनीं सीमेवर मिळालेला कागदाचा एक कपटा ट्रंकेच्या तळाशीं जपला असेल, तर नातवाच्या हातीं तो घराच्या भिंतीइतकाच भक्कम ठरूं शकतो. जंगल तोडून शेत करणाऱ्या माणसास त्या वेळीं त्याचें मोल वाटलें नसेल. परंतु राज्य मनुष्यास कागदावरून ओळखतें, आणि वकील त्या कागदास वाचा देतो. कागद जपणें आणि खरें सांगणें, हीं दोन कामें मात्र ज्याचीं त्यानेंच करावयाचीं असतात.