बांधावरचा वाळा

श्रीवर्धन म्हटले की लोकांना बाळाजी विश्वनाथ भट आठवतात, आणि ते योग्यच आहे. देशमुखी सांभाळणारे हे घराणे; जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसले म्हणून बाळाजीपंत गाव सोडून घाटावर गेले आणि १७१३ साली शाहूमहाराजांचे पेशवे झाले. आमच्या गावचा ठाऊक असलेला इतिहास असा, गाव सोडून गेलेल्यांचा. मी आज सांगणार आहे तो मात्र जागा न सोडणाऱ्याचा आहे, आणि तो आहे एका गवताचा. दिवाळीच्या अंकात गवत कुठून उगवले, असे वाचकांनी म्हणू नये. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण अंगाला उटणे लावतो, त्यातला ओल्या मातीसारखा गार वास याच गवताच्या मुळांचा. वाळा त्याचे नाव.

आमची वाडी पोफळीची. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ आमच्या किनाऱ्याला लागले आणि काही तासांत आजोबांच्या हातच्या पोफळी आडव्या झाल्या. नवी पोफळ लावली तरी तिला सुपारी धरायला वर्षे लागतात. तोवर खावे काय? पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधाव्यात आणि पुढे झकास बाग करावी, असे मी ठरवले. शहरातून एक बागवाले आले. त्यांनी नकाशा काढला: मध्ये हिरवळ, कडेने जांभळ्या तुऱ्यांचे 'फाउंटन ग्रास'. खालच्या बांधावर छातीएवढे वाढलेले वाळ्याचे ठोंब पाहून ते म्हणाले, "काका, हे रान तेवढे काढून टाका." मी काढून टाकले.

आत्या विहिरीपाशी भांडी घाशीत होती. ती एवढेच म्हणाली, "अरे, आजोबांनी तो शोभेला नव्हता लावला."

मी हसलो. २०२१ च्या जुलैत जो पाऊस झाला, त्यात महाड बुडाले, तळिये गावावर दरड कोसळली. त्या दुःखापुढे आमचे नुकसान ते काय! पण आमचा खालचा बांध एका रात्रीत वाहून गेला, आणि त्याबरोबर बागेची तांबडी मातीही ओहोळाला मिळाली. हिरवळीची चादर कोपऱ्यात गोळा होऊन पडली होती.

मग मी वाळ्याचे पुराण वाचू लागलो. अकबर बादशहाने बांबूच्या खोल्यांना वाळा भरून, त्यावर पाणी शिंपडून ऐन उन्हाळ्यात थंडावा आणवला, असे 'ऐन-ए-अकबरी'त नोंदले आहे. पुढे कंपनीच्या साहेबांनी कचेऱ्यांच्या दारांना वाळ्याचे पडदे टांगले. आपण माठात वाळ्याची जुडी टाकली, कनोजच्या अत्तरवाल्यांनी त्याचे अत्तर काढले. एवढे सारे झाले ते वासासाठी. त्याचे दुसरे काम ठाऊक होते ते शेतकऱ्याला. म्हैसुराजवळच्या गुंडलुपेटकडे शेताच्या हद्दीवर वाळा लावण्याची चाल जुनी होती. १९८० नंतरच्या दशकात जागतिक बँकेचे रिचर्ड ग्रिमशॉ आणि जॉन ग्रीनफील्ड हे दोन शेतीतज्ज्ञ हिंदुस्थानात वाळ्याच्या मागे लागले; ग्रीनफील्डने तो १९५० च्या दशकातच फिजी बेटांत उसाच्या उतारांवर लावून पाहिला होता. तेथून तो जगभर गेला. थायलंडच्या राजाने १९९१ पासून त्याचा पुरस्कार केला. आपल्या कोकण रेल्वेनेही रुळांलगतच्या उतारांवर तो लावला.

त्याची करामत साधी आहे. वाळ्याची मुळे आडवी पसरत नाहीत. सरळ खाली तीन-तीन मीटर जातात. वर ताठ पात्यांची दाट भिंत होते. पाणी तिच्यातून गाळून, सावकाश पुढे जाते आणि माती मागे राहते. साठत जाणाऱ्या मातीतून ठोंबही वर सरकतो, म्हणजे बांध आपोआप उंच होतो. लागवडीचा वाळा सहसा रुजणारे बी धरीत नाही, म्हणून तो शेतात शिरून त्रासही देत नाही.

आणि जिच्यासाठी मी पैसे मोजले ती हिरवळ कोणती होती? हराळी! शेतकरी जिला शिव्या देत खणून काढतो, गणपतीला आपण दूर्वा म्हणून वाहतो, आणि साहेबाने कापून जिचे लॉन केले, तीच ही. आमच्या मागीलदारी ती फुकट उगवत होती.

गवत शोभेचे नसते, असे मात्र मी म्हणणार नाही. जर्मनीत कार्ल फोर्स्टर नावाच्या रोपवाटिकाकाराने उभ्या आयुष्यात गवतांना बागेत मानाची जागा मिळवून दिली आणि १९५७ साली त्यावर पुस्तकही लिहिले. वाऱ्यावर डोलणारे, उन्हात चमकणारे तुरे कुणाला आवडणार नाहीत? चूक तुऱ्यांची नव्हती. उभी शोभा बांधावर असताना मी ती उपटून दुसरी विकत आणली, ही चूक.

बांध पुन्हा घातला, पण वाळा आणायचा कुठून? आत्या मला विहिरीमागे घेऊन गेली. तेथे सांडपाण्यावर तीन ठोंब तरारले होते. मी उपटून फेकलेल्या ढिगातून तिने ते उचलून खोचले होते, आणि मला कळू दिले नव्हते. आम्ही ते फोडले, पाती वीतभर ठेवून कापली आणि पावसाच्या तोंडाशी वीतभराहून कमी अंतरावर ओळीने लावले. तिसऱ्या पावसाळ्यात कुंपण मिटले. आता मागे हातभर माती साठली आहे, आणि पाहुणे फोटो काढतात ते त्याच्याच तुऱ्यांपाशी.

गेल्या दिवाळीआधी उटण्यासाठी मी कुदळ घेऊन बांधाकडे निघालो. आत्याने मागून हाक मारली.

"तिथला नको. विहिरीमागचा अंगाला, बांधावरचा जमिनीला."

मी मुकाट्याने विहिरीकडे वळलो.