कर्जखते आणि झटकलेला पदर

१२ मे १८७५, सुप्याच्या बाजाराचा दिवस. आज बारामती तालुक्यात असलेल्या या गावात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने फोडली. त्यांना हवी होती कर्जखते. ती हाती लागताच त्यांची होळी झाली. जिवावर मात्र सहसा कोणी उठले नाही. हे लोण इंदापूर तालुक्यातही पोहोचले. तेथे १८३६ च्या सुमारास बसवलेल्या साऱ्याची तीस वर्षांची मुदत संपून नवा सारा चढला होता आणि अमेरिकेतील यादवी संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते.

या दंग्याविषयी वाचताना मला ज्यूंच्या धर्मग्रंथातील नहेम्या आठवतो. शेजारच्या दौंड तालुक्यातील केडगावी पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रूवरून हाच ग्रंथ मराठीत आणला होता.

नहेम्या हा इराणी बादशहाचा प्यालेबरदार. इसवी सनापूर्वी ४४५ च्या सुमारास तो यहूदाचा सुभेदार झाला. गावकुसाचे काम चालू असतानाच लोक गाऱ्हाणे घेऊन आले: धान्यासाठी शेते गहाण पडली, बादशहाचा सारा भरायला कर्ज काढले, पोटची पोरे गुलामीत गेली. आपल्याकडचेच दुखणे!

नहेम्याने सभा भरवली, धनिकांना शेते आणि व्याज परत करायला लावले. शपथ मोडणाऱ्याला देव असाच झटकून टाको, म्हणत त्याने स्वतःचा पदर झटकला. पण त्याआधी त्याने भरसभेत कबूल केले, की मी आणि माझे भाऊही कर्जे देत आलो आहोत. पुढे बारा वर्षे त्याने सुभेदारीचा शिधा घेतला नाही, जमीनही घेतली नाही.

ही हकीकत त्याने स्वतःच सांगितलेली, म्हणून अभ्यासकाने ती जपून वाचावी. तरीही स्वतःची थोरवी गाणारा माणूस सावकारांच्या यादीत आपले नाव सहसा घालत नाही. त्यामुळेच ती कबुली मला खरी वाटते.

सुप्याला अशी सभा भरलीच नाही. सरकारने दंग्यानंतर चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ च्या कायद्याने कर्जखतामागचा मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. तोवर खते जळून गेली होती.

आज आमच्या भागात सोसायट्या आहेत, पतसंस्था आहेत. कर्जमाफीच्या सभा होतात, थकबाकीदारांच्या याद्या लागतात. अशा सभेत व्यासपीठावरून आधी स्वतःचे खाते वाचणारा पुढारी मी अजून पाहायचा आहे.